मोकळी चार मिनिटं

४ फेब्रुवारी, बुधवार

आज दुपारी साडेतीन वाजता, जिन्याखालच्या गठ्ठ्याची सुतळी कापताना, माझं आयुष्य बदललं. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढे कोणी विचारलं तर नेमकी सांगता यावी.

काम साधं होतं. मालक म्हणाले, "अर्धे इंजिनिअर, जिन्याखालचा ढीग मोकळा करा. रद्दीवाला पाचला येतोय." तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडून इथे चिकटलो तेव्हापासून लायब्ररीत माझं हेच नाव. मालकांना वाटतं मला राग येतो. येतोच!

तो ढीग म्हणजे लोकांनी स्वतः लिहून, स्वतःच छापून, 'वाचकांना सप्रेम' म्हणून आणून दिलेली पुस्तकं. मालक लेखकाला चहा पाजतात, पाठीवर थाप मारतात, आणि तो दाराबाहेर पडला की पुस्तक जिन्याखाली. "ज्यांना कोणी छापलं नाही त्यांना वाचणार कोण?"

वरचंच पुस्तक पातळ, राखाडी. मुखपृष्ठावर एक घड्याळ, तेही वाकडं चिकटवल्यासारखं. 'सहा दहाची गाडी'. फेकणार तेवढ्यात पहिली ओळ दिसली — कंडक्टरच्या खिशात उद्याच्या तारखेचं तिकीट सापडलं, तेव्हा त्याला मरून दोन तास झाले होते.

बसलो. तिथेच, धुळीत. रद्दीवाला आला तेव्हा पान ८८ वर होतो. त्याला म्हटलं, "एक पुस्तक जरी उचललंत ना, तर बघा!" बिचारा तराजू खांद्याला लावून परत गेला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

संपवलं! एक तिकीट तपासनीस रोज त्याच सहा दहाच्या बसमधे चढतो आणि रोज एक दिवस मागे उतरतो. कंडक्टरला कोणी मारलं ते शोधायला. दर वेळी बसमधली माणसं तीच, पण एकजण कमी. शेवटी तर — नको, इथेही लिहीत नाही.

हे पुस्तक काल पाच वाजता किलोवर जाणार होतं.

मालकांशी भांडलो. म्हणजे मी भांडलो, ते चहा पीत होते. मी ओरडलो, मूठ आपटली, "तुम्ही एक तरी पान वाचलंत का?" असं विचारलं. कप खाली ठेवून म्हणाले, "जिन्याशेजारचा रॅक घे. परीक्षांची गाइडं लावणार होतो तिथे. आठ मार्चला येऊन मी नुसता बघणार. निम्मा रॅक रिकामा दिसला तर राहील. भरलेला दिसला तर तुझी पुस्तकं रद्दीत, आणि गठ्ठे बांधायचे तू."

निम्मा? अख्खा रिकामा करतो!

७ फेब्रुवारी, शनिवार

रॅक लावला. एकतीस पुस्तकं, निवडून निवडून, सगळी थरारक नाहीतर काळप्रवासाची. वर पाटी — 'ताजे, अनोळखी, भयंकर'. मालक म्हणाले, "भयंकर कशाला?" म्हटलं थरारक आहेत म्हणून. "बरं झालं सांगितलंस. लोकांना कळणार नाही."

काय काय सापडलं त्या ढिगात! 'लिफ्ट चौथ्यावर थांबत नाही' — लिहिणारा खराच लिफ्ट दुरुस्त करतो, आणि त्याच्या गोष्टीत चौथा मजला तीस वर्षं मागे राहिलाय. 'अकरा मंगळवार' — औषधाच्या दुकानातल्या एका बाईंनी लिहिलंय. एकच मंगळवार अकरा वेळा उजाडतो, आणि दर मंगळवारी दुसराच माणूस तेच विष मागायला येतो. छपाईच्या चुका ढीगभर. एकात पान ४० नंतर पुन्हा पान ३३ आलं. मी खूश, म्हटलं हा खरा काळप्रवास! पण नाही, बांधणीवाल्याला डुलकी लागली होती.

मालक त्यांचा शिक्का कोणाला हात लावू देत नाहीत. माझ्या रॅकसाठी ड्रॉवरच्या तळातून एक जुना तारखेचा शिक्का काढला. चाकं घट्ट बसलेली. तेल घातलं. आता इतकी सैल झालीत की बोट लागलं की पळतात.

दिवसभरात रॅकपाशी एकच आजोबा गेले. काठी टेकवायला.

८ फेब्रुवारी

आजोबा परत आले. काठी टेकवली. गेले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ती आली!

समोरच्या चष्म्याच्या दुकानात काम करते. भिंगं घासून फ्रेममधे बसवते. नाव तिच्या सभासद कार्डावर आहे, पाठ आहे, पण इथे लिहिणार नाही. आईच्या हाती वही लागली तर संपलं. भिंग म्हणतो. चार महिने झाले, ती पुस्तक बदलायला आली की माझ्या हातून काहीतरी खाली पडतं. आज स्टेपलर.

"अहो लायब्ररीवाले, हे भयंकर म्हणजे काय?"

मी सुटलोच. सहा दहाची गाडी, तपासनीस, तीन संशयित, तिकीट, पूल, ती हिरवी पिशवी —

"थांबा! शेवट सांगताय तुम्ही."

"छे! फक्त हिरव्या पिशवीवाला खुनी नाही एवढंच —"

"म्हणजे उरले दोघं. धन्य आहात." पण हसली! आणि पुस्तक घेऊन गेली!! माझ्या रॅकवरचं पहिलं पुस्तक तिच्या नावावर!

धडा: तोंड बंद. आता रॅकवर प्रत्येक पुस्तकाखाली चिठ्ठी लावतोय, आणि तीवर त्या पुस्तकाची पहिली ओळ. फक्त पहिली. संध्याकाळी चिठ्ठ्या लागल्या, तेवढ्यात दोन गेली. 'अकरा मंगळवार' तर काठीवाल्या आजोबांनीच नेलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

माती खाल्ली.

भिंगने पुस्तक परत आणलं. मी उघडलं तर आत पेन्सिलच्या खुणा. पान १२, पान १४१, समासात बारीक अक्षरात आकडे.

"पान बारावर डेपो ते पूल सव्वीस मिनिटं लागतात. पान एकशे एक्केचाळीसवर तीस. वाटेत कुठेच थांबली नाही. चार मिनिटं कुठे गेली?"

माझ्या पुस्तकात चूक! तळपायाची आग मस्तकात. म्हणालो, लायब्ररीच्या पुस्तकात पेन्सिल चालवायची नसते. म्हणालो, छपाईची चूक असेल. एवढ्यावर थांबायला हवं होतं. नाही थांबलो. म्हणालो, "तुम्हाला दिवसभर लोकांचे नंबर शोधायची सवय. गोष्ट कुठून दिसणार?"

तिने पुस्तक स्वतःकडे ओढलं. मग म्हणाली, "खोडरबर आहे का?" मी दिला. तिने सगळ्या खुणा नीट खोडल्या, फुंकर मारून कचरा झाडला, आणि गेली. मी आतल्या खोलीत जाऊन दार आपटलं. वरच्या काचेला तडा.

मालक बाहेरून — "दारंच आपटायची होती तर कॉलेजात काय वाईट होतं?"

१४ फेब्रुवारी

घरीही तेच. आई म्हणाली, "किती आपटशील? कॉलेज सोडून आलास तेव्हा आपटलंस, तेव्हापासून बिजागरी रडतेय." बाबा समोरच बसलेले. चार महिने माझ्याशी एक शब्द नाही. जे काही बोलायचं ते आईमार्फत. "त्याला म्हणावं, पंखा बंद कर." मी पंख्याखालीच उभा असतो!

१५ फेब्रुवारी, रविवार

लायब्ररी एकला बंद झाली तसा समोरच्या दुकानात गेलो. हात जोडून 'चुकलो' म्हणायचं असं ठरवून. आत गेल्यावर तोंडातून निघालं — "डोळे तपासायचेत."

तिने खरंच बसवलं. "खालची ओळ वाचा." वाचली. "त्याच्या खालची." वाचली. "डोळे चांगले आहेत तुमचे. मग दिसत कसं नाही? चूक शोधायला पुस्तक दोनदा वाचावं लागतं. मी दोनदा वाचलं. जे आवडत नाही ते मी एकदाही वाचत नाही."

मी म्हणालो, "चुकलो."

"आता कसं! खालची ओळ दिसली."

परत येताना उडतच आलो. आणि उडता उडता सुचलं! प्रत्येक पुस्तकात शेवटी एक कोरा कागद डकवायचा — 'चूक सापडली? इथे लिहा. पेन्सिलने. नाव घालून.'

१७ फेब्रुवारी

कागद लावल्यापासून आठ पुस्तकं बाहेर! लोकांना गोष्ट वाचायला वेळ नसतो, पण दुसऱ्याची चूक काढायला असतो. काठीवाल्या आजोबांनी 'अकरा मंगळवार'मधे सात चुका काढल्या. त्यांच्या खाली दुसऱ्या कोणीतरी लिहिलंय — "आजोबा, तिसरी चूक ही चूक नाही, पान ५२ परत वाचा." आजोबा तडकले. पुस्तक परत घेऊन गेले!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी एक गृहस्थ आले. सत्तरीचे, शर्टाच्या खिशाला चार पेनं. काउंटरशी घुटमळले. मग हळूच म्हणाले, "माझ्या पुस्तकाच्या तीन प्रती दिल्या होत्या. कोणी वाचत नसेल तर परत नेऊ का? रद्दीत गेलेलं बघवत नाही."

"कोणतं?"

"सहा दहाची गाडी."

माझ्या हातून स्टेपलर पडलं. (हे फक्त भिंगसाठी व्हायचं!) धावत रस्ता ओलांडून तिला बोलावून आणलं. एप्रनवर भिंगांची पावडर, तशीच आली. काका — मी त्यांना लगेच काका म्हणायला लागलो — तिच्याकडे बघत राहिले. तिने एका दमात विचारलं, "काका, सव्वीसची तीस मिनिटं कशी झाली?"

काका खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, घातला. "पोरी, हे पुस्तक मी नव्वद जणांना फुकट वाटलं. हा प्रश्न कोणी विचारेल म्हणून तीन वर्षं वाट बघतोय."

मग सगळं सांगितलं. ते बत्तीस वर्षं बस डेपोत वेळापत्रक करायचे. भिंतभर कागद, पट्टी, पेन्सिल. आणि सहा दहाची गाडी खरीच आहे! तिचा एक ड्रायव्हर होता. त्याची बायको डबा घेऊन डेपोच्या थांब्यावर यायची, पण कामावरून सुटून ती पोचेपर्यंत गाडी हललेली असायची. काकांनी कोणाला न विचारता त्या गाडीच्या वेळेत चार मिनिटं घातली. डबा द्यायला दोन, बोलायला दोन.

"साहेब विचारायचे, ही चार मिनिटं कशाची? मी म्हणायचो, इंजिनाची. वेळापत्रकात थोडी मोकळी मिनिटं सोडावीच लागतात. नाहीतर गाडी वेळेवर जाते आणि माणूस मागे राहतो."

आणि तपासनीस त्याच चार मिनिटांतून मागे जातो! कारण ती कोणाच्याच हिशोबात नाहीत! म्हणजे भिंगने काढलेली चूक हीच पुस्तकाची किल्ली होती. मी पाच वेळा वाचून मला दिसली नाही.

माझ्याकडे बघून म्हणाली, "काय हो, छपाईची चूक?"

आज हरलो. इतकं छान कधी वाटलं नव्हतं.

काकांच्या तीनपैकी दोन प्रती रॅकवर आहेतच. तिसरी घरी आणली.

२२ फेब्रुवारी, रविवार

नवा महिना लागणार. पुस्तकाची मुदत सात दिवस, म्हणजे आजच्या शिक्क्यावर एक मार्च पाहिजे. चाकं फिरवत होतो आणि भिंग समोर उभी. केस मोकळे. पेपरातली कसली तरी जाहिरात सांगत होती आणि मी हो हो करत होतो. कोणती जाहिरात? देव जाणे. तिने 'लिफ्ट' नेलं. शिक्का मारला. ती शिक्क्याकडे जरा बघत राहिली. मग माझ्याकडे. मग गेली.

काय होतं ते बघणं!!

२६ फेब्रुवारी

रॅकवर अकरा उरलीत. एकतीसमधली अकरा!

भिंग काउंटरवर कसलासा फॉर्म भरत बसली होती. मधेच विचारलं, "सहा महिने म्हणजे फार असतात का हो?" मी तिला समजावून सांगितलं की काळप्रवासात सहा महिने म्हणजे काहीच नाही, 'लिफ्ट'मधे तर एका मजल्यावर तीस वर्षं जातात. ती म्हणाली, "तुम्ही ना..." आणि पुढचं बोललीच नाही. पेन मागून घेतलं.

४ मार्च

रॅकवर पाच! आठवडाभर एकही परत नाही. लोक सोडतच नाहीयेत. मी हवेत आहे.

८ मार्च, रविवार

जिंकलो!

मालक बरोब्बर दहाला आले. रॅकसमोर उभे. चार पुस्तकं, सत्तावीस मोकळ्या जागा. बराच वेळ बघत राहिले. मग फोन काढला आणि माझ्यासमोर गाइडंवाल्याला सांगितलं, "नको, जागा नाही माझ्याकडे."

जागा नाही! मी जिना तीन वेळा वरखाली केला. घरी आईला उचलून गोल फिरवलं. "अरे कंबर माझी!" बाबा पेपराच्या वरून बघत होते. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते.

९ मार्च, सोमवार

तोंडावर आपटलो.

दुपारी भिंग आली. 'लिफ्ट' काउंटरवर ठेवलं, मागची तारखांची चिठ्ठी उघडून बोट ठेवलं. "वाचा. खालची ओळ."

१ एप्रिल.

मार्च नाही. एप्रिल. महिन्याचं चाक एका ऐवजी दोन घरं पळालं होतं! बावीस तारखेपासून रोज मी नुसती तारीख पुढे केली आणि महिना बघितलाच नाही. सगळ्यांना सात दिवसांऐवजी सव्वा महिना मिळालाय. लोक सोडत नव्हते असं नाही. त्यांना आणायचंच नव्हतं. रॅक रिकामा होता तो माझ्या बोटामुळे.

"तुम्ही तेव्हाच बघितलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, जिंकायचं म्हणून तुम्ही मुद्दाम केलंत."

मुद्दाम! मी! डोकं फिरलं. काय काय बोललो आठवत नाही, शेवटी "तुम्हाला मी चोर वाटतो?" एवढं आठवतंय. ती म्हणाली, "आता नाही वाटत. चोर एवढे लाल होत नाहीत. मी कोणाला सांगणार नाही." आणि गेली.

तेच जास्त लागलं. सांगणार नाही म्हणाली ते. दार आपटायला गेलो तर तडा गेलेली काच पडली.

१० मार्च, मंगळवार

काकांना गाठलं. ते रोज संध्याकाळी डेपोच्या बाकावर बसतात, हातात घड्याळ. सगळं सांगितलं. गप्प बसलो तर रॅक वाचतो. बोललो तर एकतीस पुस्तकं रद्दीत, त्यात त्यांचंही.

काकांनी विचार केला असं दिसलं नाही. म्हणाले, "वेळापत्रक छापल्यावर चूक दिसली की आम्ही फलकावर दुरुस्ती लावायचो. खाली सही, पूर्ण. 'व्यवस्थापक' असं नाही, स्वतःची. न लावणारेही होते. पण ज्याची गाडी चुकते ना, तो बरोबर शोधत येतो."

"आणि तुमचं पुस्तक?"

"ते आधीही जिन्याखालीच होतं की रे." हसले. पण घड्याळाची किल्ली उगाच फिरवत राहिले.

११ मार्च

सकाळी लायब्ररी उघडल्याबरोबर दारावरच्या फळ्यावर कागद लावला. 'दुरुस्ती. जिन्याशेजारच्या रॅकवरील पुस्तकांवर परतीचा महिना एप्रिल पडला आहे. तो मार्च हवा. चूक माझी. आठ तारखेला रॅक रिकामा दिसला तो या चुकीमुळे.' खाली पूर्ण नाव.

मालकांनी चष्मा वर करून वाचलं. परत वाचलं. मी ओरडा खायला तयार उभा.

"अर्धे इंजिनिअर, एक एप्रिलचं फूल तुम्ही मला महिनाभर आधीच बनवलंत." आवाज चढला नाही, ते वाईट. "सगळी पुस्तकं परत बोलाव. रविवारी एकला, बंद करताना, पुन्हा बघतो. नियम तोच."

१३ मार्च, शुक्रवार

दोन दिवस सायकलवर. सभासदांचे पत्ते घेऊन दारोदार. पुस्तक द्या, पुस्तक द्या!

न्हावी — "मिळणार नाही. गिऱ्हाईकं वाचतायत. एकाची दाढी अर्धी झाली तरी उठायला तयार नाही."

शिलाईवाल्या ताई — "माझ्याकडे कुठे? नणंदेकडे." नणंद — "जाऊबाईंकडे." जाऊबाई दारातच कुजबुजल्या, "सासूबाई पान एकशे दहावर आहेत. हिंमत असेल तर तुम्ही मागा." नाही मागितलं. म्हटलं, वाचून झालं की रविवारी.

काठीवाले आजोबा — "आणतो. पण मला ती लिफ्ट पाहिजे. आत्ताच सांगून ठेवतो."

प्रत्येक घरात कोणीतरी दुसरं वाचतंय! पण सगळी पुस्तकं रविवारीच येणार. सगळी. म्हणजे एकतीसच्या एकतीस रॅकवर.

घरी काकांची प्रत शोधली तर टेबलावर नाही. बाबांच्या उशाशी! आत खूण म्हणून विजेचं बिल. पान ९६.

१४ मार्च

विजेचं बिल पान १४० वर.

संध्याकाळी मी पाणी पीत होतो. मागून आवाज आला. "तो कंडक्टर खरंच मेलाय का?"

आई स्वयंपाकघरात होती. म्हणजे हे मला होतं! सरळ मला! ठसका लागला. म्हणालो, "बाबा, सांगितलं तर मजा जाईल."

"बरं." आणि आत गेले. पाच महिन्यांनंतर दोन वाक्यं. दुसरं 'बरं'.

१५ मार्च, रविवार

सावकाश लिहितो.

दहा वाजता रांग. सगळ्यांच्या हातात माझी पुस्तकं. साडेदहाला रॅक काठोकाठ भरला. एकतीस! मालक स्टूल घेऊन समोर बसलेले, हाताची घडी. काका कोपऱ्यात, कोणाला ओळख नाही. भिंग दाराशी. माझ्याकडे बघून तिने डोळे मिटले आणि उघडले. मी गठ्ठे बांधायची सुतळी खिशात घालूनच आलो होतो.

पण परत करून कोणी गेलंच नाही! सगळे तिथेच रेंगाळत. न्हावी आजोबांना म्हणाला, "ते मंगळवार तुमचं झालं ना? माझी गिऱ्हाईकं खोळंबलीत." जाऊबाई — "सासूबाईंनी सांगितलंय, गाडीचा दुसरा भाग आणल्याशिवाय घरी येऊ नकोस." शिलाईवाल्या ताई आणि लिफ्टवाला — तोही आला होता, स्वतःचं पुस्तक कोण नेतंय ते बघायला! — एकाच पुस्तकाला दोन्ही बाजूंनी धरून. "आधी मी!" "अहो, मीच लिहिलंय ते!" "मग तुम्हाला कशाला हवंय?"

मालक स्टुलावरून उठले. "शिक्का! शिक्क्याशिवाय कोणी हलायचं नाही!" आणि माझ्या हातातून शिक्का घेतला. आधी डोळ्याशी नेऊन महिना बघितला. मार्च. मग स्वतः मारायला बसले. धाड, धाड, धाड. माझ्या रॅकचा शिक्का, मालकांच्या हातात!

भिंग ओरडली, "आणि सहा दहाची गाडी लिहिणारे काका इथेच आहेत!" सगळी गर्दी वळली. काका भिंतीला टेकले. जाऊबाईंनी विचारलं, "दुसरा भाग?" त्यांनी चार पेनांच्या खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, "लिहितोय."

एक वाजला. रॅकवर दोन पुस्तकं. दोनच! त्यातलं एक उचलून मालकांनी बगलेत मारलं. "माझ्या नावावर घे." म्हणजे एक.

आणि मग म्हणाले, "अर्धे इंजिनिअर, शेजारचा रॅकही मोकळा करून घ्या." पहिल्यांदाच राग आला नाही.

१६ मार्च

दिवसभर झोपलो. स्वप्नातही शिक्के.

१८ मार्च, बुधवार

पाच चाळीस झालेत. घाईत लिहितोय.

दुपारी भिंगने सभासद कार्ड काउंटरवर ठेवलं. "सहा महिने बंद ठेवा. भिंगांच्या कोर्सला निवड झाली. दुसऱ्या गावी." तो फॉर्म! आणि मी लिफ्ट समजावत बसलो होतो! "कधी?" "आजच. सहा दहाच्या गाडीने." तिला वाटलं असेल आता हा दार आपटेल. थांबून बघितलंही तिने. मग गेली.

मी खिशात शिक्का घालून घरी पळत आलो. बाबांनी काही न विचारता 'सहा दहाची गाडी' आणून दिली. आतलं विजेचं बिल काढून घेतलं. म्हणाले, "डेपोत चार मिनिटं थांबते ती. पळ."

पुस्तकात मागे चिठ्ठी डकवली. चाक फिरवलं, एकेक घर, बघून. एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. दोनदा तपासलं. शिक्का मारला. परत करण्याची तारीख — १८ सप्टेंबर.

डबा द्यायला दोन, बोलायला दोन. पुरतील.

हे लिहून उठतो, बाहेर पडतो, आणि दार ओढून घेतो. हळू.